बुडी सोपी, वर येणं अवघड

दिवाळीची सुट्टी लागली की इंदूरची कितीतरी मराठी कुटुंबं गोवा-मालवणची वाट धरतात. माळव्यात समुद्र नाही, म्हणून तिकडे गेल्यावर काय काय करायचं याची यादी घरीच ठरते. अलीकडे त्या यादीत स्कूबा असतं आणि तरुण मंडळींच्या यादीत काइट सर्फिंगही, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून लाटांवर धावणं. समुद्र एकच, पण या दोन खेळांच्या गरजा अगदी उलट्या. स्कूबाला संथ, नितळ पाणी लागतं. काइटला वारा लागतो, तोही ताशी किमान वीसेक किलोमीटरचा.

दोघांच्या वेळा निसर्गानेच वाटून दिल्या आहेत. शाळेतल्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे आठवा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. हिवाळ्यात उत्तर गोव्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे किनाऱ्यांवर दुपारनंतर काइट उडतात ते त्याच्याच जोरावर. सकाळी समुद्र त्या मानाने शांत असतो. म्हणून स्कूबा सकाळी उरकावं. गोव्यात जागाही वेगळ्या आहेत, कारण स्कूबाच्या बोटी बहुधा वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडला जातात. मालवण-तारकर्लीला मात्र स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड आणि मासेमारीच्या होड्या अशी सगळ्यांचीच वर्दळ असते.

या वर्दळीचा त्रास खोल पाण्यात होत नाही, वर येताना होतो. त्यात काइट असतील, तर त्यांच्या दोऱ्या वीस-पंचवीस मीटर लांब असतात आणि चालवणाऱ्याची नजर बराच वेळ आकाशात असते. लाटांमध्ये पाणबुड्याचे बुडबुडे त्याला दिसत नाहीत. फळीखाली हायड्रोफॉइल असेल, तर त्याचं धारदार पातं पाण्याखाली हातभर खोल फिरत असतं. खालच्या माणसाला इंजिनाचा आवाज येतो, पण दिशा कळत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो. काइटला तर आवाज करणारं इंजिनच नसतं.

म्हणून खाली माणसं आहेत हे वरच्यांना दिसलं पाहिजे. त्यासाठी लाल कापडावर पांढरा तिरपा पट्टा असलेला झेंडा किंवा निळा-पांढरा ‘अल्फा’ झेंडा लावतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात अशा झेंड्यापासून खुल्या पाण्यात तीनशे फूट दूर राहण्याचा बोटींना नियम आहे. अनुभवी पाणबुडे जवळ एक फुगता बोया आणि दोरी कापायची छोटी सुरी ठेवतात. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून ते बोया वर सोडतात. मग एक हात डोक्यावर धरून, चहूकडे बघत, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा कमी वेगाने वर येतात. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि इजा होऊ शकते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सगळं स्वतः करावं लागत नाही, प्रशिक्षक बरोबर असतो. पण बोटीत पाय ठेवण्याआधी विचारायला काय हरकत आहे? झेंडा लावणार का? माणसं वर येताना बोटीचा पंखा बंद असतो का? येता-जाता सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट असेल का? मे २०२२मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. धोका बुडीपुरताच नसतो, हे त्यातून दिसतं.

इंदूरकरांसाठी वर येण्याचा आणखी एक टप्पा आहे. बुडीत शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास, अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला आहे. मोटारीने घाट चढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण घाटमाथ्यावरचं आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेव्हा परतीचं तिकीट काढतानाच स्कूबा सहलीच्या पहिल्या दिवसांत घ्या आणि शेवटचा अख्खा दिवस किनाऱ्यावर मासे खाण्यासाठी राखून ठेवा.