नवा पूल आणि काठावरची माणसे

धार जिल्ह्यात खलघाट येथे आग्रा–मुंबई मार्ग नर्मदा ओलांडतो. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस. टी. बस तेथील पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. १२ जण मृत्युमुखी पडले. असा पूल बदलावयाचा झाल्यास त्याची मजबुती अभियंते पाहतील. परंतु भरावाने पुराचे पाणी कोणत्या शेतात शिरेल, हे काठावरची माणसेच जाणतात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे. तिच्यासाठी किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. मात्र महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरांहून अधिक असेल, तरच ती लागू होते. एकटा पूल सहसा सुटतो. म्हणूनच कायद्याची सक्ती नसली, तरी आराखडा आधी ग्रामसभेपुढे मांडणे हेच शहाणपणाचे होय.