विमानाचा बिघाड आधीच कसा कळतो? इशारा मशीनचा, सही मात्र इंजिनिअरची

आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरच्यांना हा अनुभव नवीन नाही. मुलगा दोन वर्षांनी सुट्टीवर येतोय, सगळे मुंबई विमानतळाकडे निघालेत आणि फोन येतो, "अब्बा, फ्लाइट लेट आहे. टेक्निकल प्रॉब्लेम सांगतायत." हा प्रॉब्लेम आठवडाभर आधीच कळला असता तर? विमान कंपन्या आज नेमका हाच प्रयत्न करत आहेत. याला म्हणतात प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघाडाची चाहूल ओळखून आधीच केलेली दुरुस्ती.

जुनी पद्धत काय होती?

एक तर पार्ट बिघडला की बदलायचा. नाहीतर ठरावीक उड्डाणे, तास किंवा महिने झाले की तपासायचा. छोट्या तपासणीला ए चेक आणि मोठ्या तपासणीला सी चेक म्हणतात. या तपासण्या आजही बंधनकारक आहेत. पण कॅलेंडरला पार्टची खरी हालत कळत नाही. उष्ण, धुळीच्या हवेत रोज उडणारे इंजिन लवकर झिजते, तर थंड आणि स्वच्छ हवेतले उशिरा.

डेटा काय सांगतो?

आजच्या विमानात तापमान, दाब, कंपन, ऑइल अशा हजारो गोष्टींची सतत नोंद होते. काही माहिती विमान हवेत असतानाच जमिनीवर पोहोचते. त्यासाठीची एकार्स ही संदेश यंत्रणा १९७८ पासून वापरात आहे.

एक उदाहरण घेऊ. इंजिन झिजू लागले की तेवढाच जोर देण्यासाठी ते जास्त इंधन जाळते आणि बाहेर पडणारा वायू अधिक गरम होतो. एका उड्डाणात हा फरक जाणवतही नाही. पण शेकडो उड्डाणांचे आकडे शेजारी ठेवले की तापमानाची चढती रेषा दिसते. तसेच एखादा व्हॉल्व्ह उघडायला रोज थोडा थोडा जास्त वेळ घेऊ लागला, तर तो पुढे अडकण्याची शक्यता असते. जुना मिस्त्री आवाजावरून इंजिनाची तब्येत ओळखतो ना, तेच काम मशीन लर्निंग आकड्यांवरून करते.

मग अडचण कुठे आहे?

मशीन उदाहरणांवरून शिकते आणि विमानात मोठे बिघाड क्वचितच होतात. ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे शिकायला उदाहरणे कमी पडतात. एका कंपनीचा डेटा पुरत नाही. म्हणूनच अनेक कंपन्यांचा डेटा एकत्र आणणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या. एअरबसने २०१७ मध्ये 'स्कायवाइज' सुरू केले, ते याच कारणासाठी.

दुसरी अडचण चुकीच्या इशाऱ्याची. मशीनने उगाच धोका सांगितला तर चांगला पार्ट काढला जातो, पैसा आणि वेळ वाया जातो. धोका सांगितलाच नाही तर विमान परक्या विमानतळावर अडकते, किंवा त्याहून वाईट घडते.

शिवाय सेन्सरला सगळेच दिसत नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानाच्या इंजिनातले पंख्याचे एक पाते हवेतच तुटले. एका प्रवासी महिलेचा जीव गेला. धातू थकून पात्याच्या मुळाशी बारीक तडा गेला होता. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने अशा इंजिनांच्या पात्यांची अल्ट्रासाउंडने तपासणी करण्याचा आदेश काढला. म्हणजे डेटा कितीही असला, तरी पाते प्रत्यक्ष तपासावेच लागते.

शेवटचा निर्णय कोणाचा?

माणसाचा. दुरुस्तीनंतर विमान उडण्यास योग्य आहे, अशी सही परवानाधारक इंजिनिअरच करतो. भारतात हा परवाना डीजीसीए देते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स घेतलेल्या मुलामुलींना या क्षेत्राची वाट खुली आहे. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचे केंद्रही आहे. पुढच्या काळात हातात पाना धरणाऱ्यालाही आलेख वाचता यावा लागेल, एवढे मात्र नक्की.

तर पुढच्या वेळी फ्लाइट लेट झाली की चिडचिड होणारच. पण कुठेतरी एका इंजिनिअरने खात्री पटेपर्यंत सही केली नाही, म्हणूनही ती लेट असू शकते. थोडी उशिरा का होईना, आपली माणसं सुखरूप घरी यावीत, हे जास्त महत्त्वाचं.