फाइल पाहताना बदलते तेव्हा

आकडेवारीची सीएसव्ही फाइल हाती आली की आपण तिच्यावर दोनदा टिचकी मारतो. बहुधा ती एक्सेलमध्ये उघडते. पण समोर दिसते तेच फाइलमध्ये असते का?

सीएसव्ही फाइल म्हणजे साधा मजकूर. सहसा एका ओळीत एक नोंद आणि मधे स्वल्पविराम. कोणता मजकूर संख्या आणि कोणता तारीख, हे तिच्यात लिहिलेले नसते. एक्सेल ते अंदाजाने ठरवते. म्हणून ००७ हा हजेरी क्रमांक नुसता ७ होतो. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकच अचूक ठेवते. अशी फाइल पुन्हा साठवली, की मूळ माहिती पुसली जाते.

जनुकशास्त्रज्ञांना याचा मोठा फटका बसला. ‘सेप्ट२’ या जनुकाच्या नावाची एक्सेलने ‘२ सप्टेंबर’ ही तारीख केली! एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांची तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. अखेर २०२० पर्यंत अशा जनुकांचीच नावे बदलावी लागली. सेप्ट२ चे ‘सेप्टिन२’ झाले.

तेव्हा फाइल प्रथम नोटपॅडसारख्या साध्या साधनात पाहावी. ते असे अंदाज बांधत नाही. मग एक्सेलमध्ये आयात करताना क्रमांकांचे स्तंभ ‘मजकूर’ म्हणून नोंदवावेत. विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगता येईल: ज्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही, ते आकडे म्हणजे खरे तर नावेच.