फुकट पाळणाघर, पण पगार कोण देणार?

‘आठवड्याला ३० तास पाळणाघर फुकट!’ इंग्लंडमधल्या नोकरदार आईबाबांसाठीची ही सरकारी योजना ऐकायला एकदम भारी वाटते. सप्टेंबर २०२५ पासून ती नऊ महिन्यांच्या बाळांनाही लागू झाली. वर्षातले ३८ आठवडे. पण तिथली बरीचशी पाळणाघरं खासगी किंवा संस्थांची आहेत. या तासांचे पैसे सरकार देतं आणि त्यासाठी किती द्यायचे, हेही सरकारच ठरवतं.

गंमत म्हणजे, पाळणाघरांचा खर्चही सरकारच्याच निर्णयाने वाढला. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षं आणि त्यापुढच्यांचं (म्हणजे आपल्याच वयाच्यांचं!) किमान वेतन तासाला ११.४४ वरून १२.२१ पौंड झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच महिन्यात मालकाने भरायचा ‘नॅशनल इन्शुरन्स’ १३.८ वरून १५ टक्के झाला. आधी तो वर्षाला ९,१०० पौंडांच्या वरच्या पगारावर लागायचा, आता ५,००० च्या वर लागतो.

जरा गणित करू. किमान वेतनावर आठवड्याला ४० तास काम करणाऱ्या एका ताईचा पगार वर्षाला साधारण १,६०० पौंडांनी वाढला, तिच्यामागचा इन्शुरन्स साधारण १,००० पौंडांनी. मालकांना इन्शुरन्समध्ये मिळणारी सूट ५,००० वरून १०,५०० पौंड केली खरी, पण अशा तीन-चार जणींमध्येच ती संपते.

मग स्टाफ कमी करा? तेही जमत नाही. दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, असा नियम आहे.

सरकारने तासाचे दर वाढवले, साडेसात कोटी पौंडांचं जादा अनुदानही दिलं. पण वाढलेल्या इन्शुरन्सची वेगळी भरपाई मिळाली ती सरकारी शाळांमधल्या नर्सरींना, खासगींना नाही. मग तूट भरायला हात जातो जादा तासांच्या फीकडे आणि जेवणाच्या पैशांकडे. फुकटचं बिल फिरून आईबाबांच्याच हातात!

आपल्याकडे तर हे बिल दिसतही नाही. अंगणवाडी सेविकांना मिळतं ते ‘मानधन’. २०१८ मध्ये केंद्राने ते महिना ३,००० वरून ४,५०० रुपये केलं. राज्य त्यात आपली भर घालतं. तिथे निदान पगार वाढला की हिशेब कोलमडतो आणि बोंब होते. इथे कामाला पगारच म्हणत नाहीत, त्यामुळे तूट सेविकाताईंच्या घरात जिरते.

काही वर्षांनी नोकरी आणि मूल एकत्र सांभाळायची वेळ आपल्यावरही येणार आहे. ‘मोफत’ची घोषणा ऐकली की टाळ्या वाजवण्याआधी विचारू या, सांभाळणाऱ्या ताईंच्या हातात किती पडणार?