इब्सेनच्या नाटकांतील पतिपत्नी आणि परीक्षेंतील निबंध

इब्सेनचें ‘अ डॉल्स हाउस’ हें नाटक १८७९ सालीं प्रसिद्ध झालें. साहित्याच्या परीक्षेंत त्यावर विचारण्याजोगा एक प्रश्न असा, कीं नोरा व टोर्वाल्ड यांच्या संसारांत सत्ता कोणाची? पुष्कळ उमेदवार पहिल्याच वाक्यांत नवऱ्याला जुलमी व बायकोला गरीब गाय ठरवितात आणि उरलेलीं पानें गोष्ट सांगण्यांत घालवितात. परीक्षकानें नाटक वाचलेलें असतें. त्याला गोष्ट नको असते.

सत्ता लहान वस्तूंवरून ओळखावी. पत्रपेटीची किल्ली टोर्वाल्डपाशीं असते. नोरा ती पेटी केसांतील आंकड्यानें उघडूं पाहते, आणि मोडका आंकडा सांपडतांच मुलांचें नांव पुढें करते. त्यानें मना केलेला बदामाचा खाऊ ती लपवून खाते. अशीं प्रमाणें उत्तरांत आलीं पाहिजेत.

पण एवढ्यावर थांबूं नये. आजारी नवऱ्याला इटलींत नेण्यासाठीं तिनेंच गुपचूप कर्ज काढलें आहे. पतीच्या संमतीवांचून स्त्रीला कर्ज मिळत नसे, म्हणून तिनें वडिलांची खोटी सही केली. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखालीं तारीख २ ऑक्टोबर! (नॉर्वेंत विवाहित स्त्रीला मालमत्तेचे स्वतंत्र अधिकार देणारा कायदा १८८८ सालीं झाला.) कायदा जिला अज्ञान मानतो, तिनेंच घर तारलें आहे, परंतु हें सामर्थ्य बोलून दाखविण्याची तिला सोय नाहीं.

उत्तराचें मर्म तिसऱ्या अंकांत आहे. क्रोगस्टाडचें पत्र वाचून टोर्वाल्ड तिला मुलें वाढविण्यास नालायक ठरवितो. कर्जरोखा परत येतांच आपण वांचलों म्हणून हर्षतो, आणि मग उदारपणें तिला क्षमा करतो. माझ्या मतें त्याच्या रागापेक्षां ही क्षमाच अधिक बोलकी आहे. क्षमा करणारा न्यायासनावरून उठलेलाच नसतो! उमेदवारानें येथें सावकाश लिहावें.

अखेरच्या दाराच्या आवाजावर मुलें भारावून लिहितात. तेथें दोन वाक्यें पुरेत. नोरा जातांना अंगठी परत करते व किल्ल्या ठेवून जाते, हें मात्र विसरूं नये. १८८० सालीं जर्मन रंगभूमीसाठीं इब्सेनला निराळा शेवट लिहावा लागला. त्यांत निजलेलीं मुलें पाहून ती घरांतच राहते. हा शेवट त्याला स्वतःला अत्यंत नापसंत होता.

आणि वडील मंडळींना एक विनंती. घरांतील मुलगी हा निबंध लिहीत असतां, ‘नोराचें चुकलें, असें लिही’ म्हणून तिला सांगूं नये. तिचें मत तिलाच ठरवूं द्यावें. प्रमाणें कोठें आहेत, एवढेंच विचारावें.