बसखालची टाकी कोण उपसणार?

दरवर्षी 1 जानेवारीला पेरणे फाट्यावरील विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो भीमसैनिक येतात. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगावातून गाड्या भरभरून निघतात. प्रशासन तेथे फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या करते. आमच्या माता-भगिनींची त्यामुळे सोय होते, ती व्हायलाच हवी. पण बंधू-भगिनींनो, पुढच्या दाराने आत जाणारे आपण सर्वजण त्या शौचालयाच्या मागे जाऊन कधी पाहतो काय? खाली बसवलेली टाकी भरते तेव्हा ती कोण रिकामी करतो? यंत्राने करतो की बादलीने? आणि त्या बादलीवाल्याची जात कोणती असते? हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता तर जुन्या बसगाड्याच शौचालये होऊ लागल्या आहेत. पुण्यात 2016 साली उल्का सादळकर आणि राजीव खेर या उद्योजकांनी पीएमपीएमएलच्या भंगारात निघालेल्या बस घेऊन महिलांसाठी ‘ती’ नावाची शौचालये उभी केली. 2020 साली बंगळुरूच्या मुख्य बसस्थानकावर कर्नाटक परिवहन महामंडळानेही जुन्या बसमध्ये महिलांचे शौचालय केले. या कल्पनेचे आम्ही स्वागतच करतो. चाकण चौकात पहाटेच्या पाळीसाठी कंपनीच्या गाडीची वाट पाहणारी कंत्राटी कामगार भगिनी तासन्‌तास कशी अवघडून उभी असते, हे आम्ही रोज पाहतो. तिला शौचालय हवे, आणि बस जागेवर येऊन उभी राहते. जेथे ड्रेनेजची लाइन जवळ आहे तेथे बसचा पाइप थेट जोडता येतो. जेथे लाइन नाही तेथे सारा भार बसखालच्या टाकीवर येतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्या कार्यालयात आला. एका ठेकेदाराच्या फिरत्या शौचालयावर तो सफाईला होता. गाडी स्पीडब्रेकरवरून जाताना टाकीचा व्हॉल्व्ह आपटून तुटला. गळती थांबवायला कोणीतरी लाकडाचा खुंटा ठोकला. मग टाकी खालून उघडेना, म्हणून वरचे झाकण काढून त्याला बादली देण्यात आली. ना हातमोजे, ना बूट. त्याने नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे काम गेले. त्याने आम्हाला एकच विचारले, “साहेब, टाकी बनवणाऱ्याला हे आधी कळत नव्हतं का?”

प्रश्न बिनतोड होता. माणसाला मैल्यात हात घालावा लागणार की नाही, हे टाकी निवडतानाच ठरते.

म्हणून टाकीचा हिशेब आपणही शिकला पाहिजे. एका वापराला फ्लश आणि हात धुणे मिळून 5 लिटर पाणी धरले, तर 200 वापरांना 1000 लिटर होतात, म्हणजे चासीवर 1 टन वजन. हात धुण्याचे पाणी आणि मैला वेगवेगळ्या टाक्यांत घेतला तर मैल्याची टाकी उशिरा भरते. साध्या लोखंडी पत्र्याची टाकी स्वस्त पडते, पण मूत्र आणि मैल्याचा वायू तिला आतून खातात. स्टेनलेस स्टील टिकते, मात्र टॉयलेट ॲसिडने त्यालाही बारीक छिद्रे पडतात. जाड प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही, पण तिला खालून पूर्ण आधार हवा, नाहीतर दगड लागून तडा जातो.

टाकीच्या तळाला तोंडाकडे उतार हवा, म्हणजे गाळ साचत नाही. तोंडाला सक्शन गाडीचा पाइप घट्ट बसेल असा रुंद व्हॉल्व्ह हवा. आतून धुण्यासाठी पाण्याची वेगळी जोडणी, किती भरली ते बाहेरून दाखवणारी खूण आणि वायू छपरावर सोडणारी नळी हवी. आणि वरचे झाकण हातभर पाइप जाईल एवढेच असावे, माणूस जाईल एवढे कदापि नको!

टाकी बसवायची जागाही विचाराने निवडावी. चासीच्या दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये ती सुरक्षित राहते. सायलेन्सरपासून ती दूर हवी. पट्ट्याखाली रबर, खालून जाड पत्र्याचे कवच आणि व्हॉल्व्हभोवती अँगलची चौकट हवी. व्हॉल्व्ह कवचाच्या खाली लोंबकळता कामा नये. ही चौकट बसवली असती तर आमच्या त्या तरुणाच्या हातात बादली आली नसती.

आता कायद्याचे पाहू. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा 2013 साली झाला. त्यात सेप्टिक टँकची व्याख्या करताना ‘साधारणतः जमिनीखाली’ असे शब्द आहेत. ठेकेदाराचा वकील म्हणेल, बसची टाकी जमिनीखाली कुठे आहे? आमचे उत्तर असे की ‘साधारणतः’ म्हणजे ‘नेहमीच’ नव्हे. शिवाय ज्या शौचालयातील मैला हाताने काढावा लागतो त्यालाच हा कायदा अस्वच्छ शौचालय म्हणतो. रेल्वेच्या डब्यातील शौचालयाला त्यात अटी घालून खास सवलत दिली आहे. चाकांवरचे शौचालय कायद्याबाहेर असते तर ही सवलत द्यावीच कशाला लागली असती? आणि बसला तर अशी सवलतही दिलेली नाही. कलम 7 नुसार धोकादायक सफाईसाठी थेट किंवा ठेकेदारामार्फत कोणालाही नेमता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी दिला. गोवंडीत 2019 साली मेलेल्या तीन कामगारांच्या विधवांना ते पैसे मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा 2021 साली आदेश झाला. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम 30 लाख केली. पण भरपाई माणूस मेल्यावर मिळते. टाकीचे तोंड लहान ठेवायला आणि व्हॉल्व्हला चौकट घालायला मात्र एखाद्या वेल्डरचा एक दिवस पुरतो.

आणि तो वेल्डर कोण आहे? भोसरीच्या शेडमध्ये पत्रा कापणारा, चाकणच्या कंपनीत सुट्या भागांची जुळणी करणारा आमचाच पोरगा आहे. त्याच्या हाताने बनलेल्या टाकीत त्याच्याच भावाला उतरावे लागावे, यापेक्षा क्रूर थट्टा कोणती? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आमचा हक्क सिद्ध करण्यासाठी. ज्या हातांना ती ओंजळ मिळाली, त्या हातांत पुन्हा मैल्याची बादली का?

म्हणून पिंपरी-चिंचवड महापालिका, चाकण नगरपरिषद आणि जिल्हा प्रशासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. फिरत्या शौचालयाच्या प्रत्येक निविदेत टाकीचा नकाशा जोडा. माणूस आत जाऊ शकेल अशी टाकी नाकारा. टाकी रिकामी करणाऱ्या सक्शन गाडीचा करार आधी दाखवा. मैला चिखली किंवा कासारवाडीसारख्या मैलाशुद्धीकरण केंद्रावर पोहोचल्याची पावती घ्या, तो रात्री इंद्रायणीत जाता कामा नये. आणि कार्यकर्त्यांनो, येत्या 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला, 1 जानेवारीला जेथे शौचालयांची रांग दिसेल तेथे मागच्या बाजूला जा, वाकून टाकी बघा. बादली दिसली तर फोटो काढा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर आपणच द्यायचे आहे.

जयभीम!