दुवा का तुटतो?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्या संपावयाची आहे, आणि दुव्यावर बोट ठेवताच पडद्यावर अर्जाऐवजी केवळ '४०४' हा आकडा उमटतो. असा प्रसंग आला की पुष्कळ विद्यार्थी तोच दुवा पुनःपुन्हा दाबतात व अखेर नशिबाला बोल लावतात. वस्तुतः तो आकडा म्हणजे एक निरोप होय. तो वाचता आला पाहिजे.

१९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत ज्या जाळ्याची कल्पना मांडली, त्यात प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता असतो. दुवा दाबताच प्रथम पत्त्यातील नावावरून सर्व्हरचा, म्हणजे पान पुरविणाऱ्या यंत्राचा, क्रमांक शोधला जातो. मग त्या यंत्राकडे पानाची मागणी जाते, आणि उत्तरादाखल एक तीन अंकी संकेत येतो.

टपालाचे उदाहरण घेऊ. ४०४ म्हणजे, गाव सापडले, परंतु त्या पत्त्यावर घर नाही. ४०३ म्हणजे, आत येण्यास परवानगी नाही. ५०० म्हणजे, बिघाड यजमानाच्याच घरी आहे. संकेतच न येता 'सर्व्हर सापडत नाही' असे दिसले, तर बहुधा गावाचे नाव चुकलेले असते, किंवा आपली जोडणीच तुटलेली असते.

रोग कळला की उपाय सोपा. प्रथम दुसरे एखादे पान उघडून पाहावे. ते उघडले तर आपली जोडणी ठीक आहे. ४०४ आल्यास पत्त्यातील अक्षरे तपासावीत. तरीही न जमल्यास तिरक्या रेघेपुढील भाग पुसून मुखपृष्ठावरून वाट शोधावी. पान उघडते पण मजकूर जुनाच दिसतो, तेव्हा ब्राउझरने साठविलेली प्रत पुढे आलेली असू शकते. पान नव्याने मागवावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला हे समजत नाही.

पान मुळातच नाहीसे झाले असेल, तर 'इंटरनेट अर्काइव्ह' या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या 'वेबॅक मशीन'मध्ये त्याची जुनी प्रत कधीकधी मिळते. ती वाचावयास उपयोगी पडते; तिच्यावरून अर्ज मात्र भरता येत नाही.

आणि ५०० आल्यास? थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्यात पत्ता, संकेत व वेळ कागदावर टिपून मुदतीपूर्वीच संबंधित कार्यालयास कळवावे. दोष त्यांच्या यंत्राचा असला तरी आपण गप्प राहिलो, तर नुकसान आपलेच होते.